चौथ्या खोलीचा पत्ता

समोरचे दोन दात एकमेकांना अगदी चिकटून बसले होते – गुलाबी मेणाच्या हिरडीत, सरळ, नीटस, कुठे वर नाही की खाली नाही – आणि तीच चूक झाली होती. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ठळक लिहिलेलं होतं: समोरच्या दोन दातांत फट ठेवावी, रुग्णाची पहिल्यापासून होती, रुग्णाला ती हवी आहे. चिठ्ठी तिने सकाळी आल्या आल्या वाचली होती, वाचून दिव्याच्या बुडाखाली दाबून ठेवली होती, आणि मग हातांनी आपल्या सव्वीस वर्षांच्या सवयीने फट बुजवून टाकली होती... हातांना विचारतो कोण. तिने छोटी सुरी ज्योतीवर धरली, उजवा दात कडेने सैल केला, आणि मेण मऊ व्हायची वाट बघत बसली. कोण असेल हा म्हातारा – सगळे दात गेले, आता फुकट सरळ दात मिळतायत, तर याला आपली जुनी फट हवी.

दातांच्या लॅबमध्ये ती कवळ्या करायची. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, तिचं मात्र छान भरलं होतं. तोंडं कधी दिसायची नाहीत. साचे यायचे, प्लास्टरचे, त्यांवर नंबर, आणि चिठ्ठ्या. तिच्या शेजारच्या टेबलावरच्या बाई साचे ओतायच्या, फारसं बोलायच्या नाहीत, तीही बोलायची नाही, आणि दोघींचं त्यामुळे चांगलं जमायचं.

तेव्हाच गायिकेचा फोन आला होता. म्हणजे सकाळी, सव्वादहाला, दात बसवतानाच – आणि आता तिला वाटलं, फट बहुतेक त्याच वेळी बुजली असणार, कारण फोन तिने खांद्यात आणि कानात धरला होता आणि हात आपलं आपलं काम करत होते.

गायिका म्हणजे कोणी नामांकित बाई नव्हे. प्राथमिक शाळेत शिकवणारी, तिच्याच वयाची, पन्नाशीला टेकलेली. एके काळी चौघांचा बँड होता. गायिका, ही कीबोर्डवर, गिटारवर वायरमन – तो खरंच वायरमन होता, घराघरांत वायरिंग करायचा – आणि ड्रम्सवर ब्रेक. ब्रेक गाडी चालवायला शिकवायचा. दुसऱ्याच्या शेजारी बसून सतत पाय दाबायची सवय लागलेली, म्हणून ब्रेक. चौदा वर्षं वाजवलं. मग थांबलं. थांबून अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत वाढदिवसाचे फोन, कोणाचं काही दुखलं-खुपलं तर फोन... आणि आज सकाळी गायिका एका दमात सांगत सुटली होती, की त्यांनी पुन्हा सुरू केलंय, तीन महिने झाले, वायरमनच्या गॅरेजमध्ये बसतात, एका सभागृहाने कार्यक्रम दिलाय, आणि आज सहा वाजता जाहिरातीचं पोस्टर छापायला जातंय, त्यावर बँडच्या साइटचा पत्ता हवाय आणि तो नाहीये. का नाहीये, तर आपलं नाव कोणीतरी घेऊन बसलंय.

"आपलं नाव, अगं. 'चौथी खोली'. कोणीतरी अकरा वर्षांपूर्वीच घेऊन ठेवलंय. उघडलं तर पांढरं पान, आणि त्यावर एकच शब्द. 'लवकरच'."

तिच्या हातातून मेणाचा थेंब टेबलावर पडला होता.

मालकाचं नाव झाकलेलं आहे, गायिका म्हणाली, साइट करून देणाऱ्या माणसाने खूप शोधलं. आणि तुला यातलं पहिल्यापासून कळायचं, आपली सगळी पत्रं, अर्ज तूच करायचीस, तर जरा डोकं लाव, दुसरं काहीतरी नाव सुचव – ग्रुपमध्ये तुला घेतलंय, ब्रेक तर काहीही सुचवतोय. आणि मग, फोन ठेवता ठेवता, आवाज जरासा खाली आणून:

"तू आता नाहीच वाजवणार ना?"

"नाही गं," ती म्हणाली होती.

इतकं लगेच म्हणाली होती, की तिचं तिलाच कळलं नाही कोण बोललं. प्रश्नच असा होता ना – 'नाहीच' आधीच आत ठेवून विचारलेला. त्याच्यापुढे 'नाही'शिवाय दुसरं काय उमटणार. गायिका 'बरं' म्हणाली होती. कार्यक्रमाला ऐकायला मात्र यायचं हं, असंही म्हणाली होती.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. नाव तिच्याकडेच होतं. अकरा वर्षं तिच्याकडेच होतं.

तिने उजवा दात अर्ध्या केसाएवढा सरकवला. पुरेसं नव्हतं. किती ठेवायची फट? चिठ्ठीत माप नव्हतं. एक जुना फोटो जोडला होता, कोणाच्या तरी सहलीतला, त्यात हा माणूस तोंड भरून हसत होता आणि फट दिसत होती – पण फोटोतून माप कसं घ्यायचं... ती फोटो दिव्याखाली धरून बघत राहिली, आणि खिशात फोन तीनदा थरथरला.

ग्रुपमध्ये ब्रेकने लिहिलं होतं: अस्सल चौथी खोली. त्याखाली: पाचवी खोली. त्याखाली: खोली नंबर चार, वर जाऊन डावीकडे. वायरमनने एक अंगठा पाठवला होता, नक्की कशाला ते कळायला मार्ग नव्हता. साइटवाला म्हणतो नावापुढे 'बँड' जोडा नाहीतर एखादा आकडा जोडा, असं गायिकेने लिहिलं होतं, आणि पुढे – आपल्या नावाला मी शेपूट लावणार नाही, मग दुसरंच नाव घेऊ. ब्रेकने विचारलं होतं, दातवाली काय म्हणते?

दातवालीने फोन परत खिशात टाकला.

काय म्हणणार होते मी? की दुसऱ्या कोणाला शोधू नका, मीच ती? पण मग पुढचा प्रश्न आला असता, की का, आणि त्याला तिच्याजवळ उत्तर होतं, आणि तेच तर सांगता येण्यासारखं नव्हतं. पहिल्या वर्षाचं ठीक होतं. पहिल्या वर्षी ती गंमत होती: कोणालाच न सांगता नाव घेऊन ठेवायचं आणि तालीम संपल्यावर दाखवायचं, बघा, जगात कुठूनही आता चौथी खोली सापडेल. 'लवकरच' हा शब्द तिनेच टाकला होता, शनिवारी संध्याकाळी, हसत हसत. रविवारी तालीम होती, आणि रविवारीच सगळं संपलं. पण मग दुसऱ्या वर्षी नाव नोंदवणाऱ्या कंपनीचं पत्र आलं की नाव पुढे चालू ठेवायचं का, तेव्हा तिने हो म्हटलं. तिसऱ्या वर्षी म्हटलं, चौथ्या वर्षी, दरवर्षी त्याच आठवड्यात... ज्या नावाचा बँड उरला नव्हता त्याची ती पांढरी पाटी ती पुसत बसली होती. हे सांगायचं म्हणजे मी अकरा वर्षं वाट बघत होते असं सांगायचं. त्यापेक्षा सगळे दात काढून टेबलावर ठेवणं सोपं.

आणि न सांगावं, तर सहा वाजता पोस्टरवर दुसरं काहीतरी नाव छापलं जाईल. आणि तिची खोली त्या नावातून निघून जाईल. कारण खोली तिचीच होती ना – चार नंबरची, दुसऱ्या मजल्यावर, भाड्याची. चौघांत एकटी राहणारी तेवढी तीच, म्हणून सगळे तिच्याकडे जमायचे. तीनच माणसं वर यायची, पण जिन्यात त्यांचा आवाज असा काही चढायचा की शेजारी दार लावून घ्यायचे. ब्रेक तिच्या पलंगावर उशा रचून त्यांवर काठ्या वाजवायचा. रविवारची संध्याकाळ संपून ते गेले, की पलंगावरच्या उशा तशाच, चपटलेल्या... त्या ती सोमवार सकाळपर्यंत सरळ करायची नाही. अजून ती तिथेच राहते. उशा आता दोनच आहेत आणि दोन्ही फुगलेल्या असतात. तिला एकटं वाटायचं, हे आडवळणाने कशाला सांगायचं, वाटायचंच. फक्त त्याची इतकी सवय झाली होती की ते तिला स्वतःच्या स्वभावासारखं वाटायला लागलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत तिने डबा उघडला आणि शेजारी फोन ठेवला. दुसरं नाव सुचवायचा तिने प्रामाणिक प्रयत्न केला – पाकिटाच्या पाठीमागे लिहिलं: 'चार जण'. खोडलं. 'जिना'. 'दुसरा मजला'. ही सगळी त्याच खोलीकडे जायची वाट होती. तेवढ्यात मेल आली. त्या कंपनीकडून, जिच्याकडे नाव नोंदवलेलं होतं: आपल्या नावाबद्दल एका व्यक्तीची चौकशी आली आहे, आपली ओळख गुप्त आहे, निरोप खाली देत आहोत.

निरोप गायिकेचा होता.

घास तिने तसाच तोंडात धरून ठेवला. कोणाचं तरी दुसऱ्याचं पत्र फोडल्यासारखं वाटलं, आणि पत्र तर तिलाच होतं.

'नमस्कार,' गायिकेने लिहिलं होतं. 'तुम्ही कोण आहात मला माहीत नाही. तुम्ही घेतलेलं नाव आमच्या बँडचं आहे. तुम्हालाही ते आवडलं म्हणूनच घेतलं असेल, म्हणून ते आलं कुठून तेवढं सांगते. आमच्यातली एक जण चार नंबरच्या खोलीत राहायची. आम्ही तिच्याकडे वाजवायचो. मला तेव्हा खूप आग्रह लागायचा. गा म्हटलं की नको म्हणायचं, मग सगळ्यांनी विनवायचं, यात अर्धी तालीम जायची. म्हणून तिने दारावर आतून एक कागद लावला: इथे दुसऱ्यांदा विचारत नाहीत. तो माझ्यासाठीच होता. तेव्हापासून आमच्यात तीच रीत पडली. एकदा विचारायचं, माणूस जे म्हणेल ते खरं धरायचं. माझी खोड मोडली. पुढे एकदा तिनेच अचानक सांगितलं, माझं आता पुरे झालं. मी परत विचारणार होते. तोंड उघडलंही होतं. पण समोर तो कागद होता. मी तो वाचला आणि गप्प बसले. पुढे ती नसताना आमचं तीन महिन्यांत बंद पडलं. आता पुन्हा वाजवतो आहोत, तिच्या जागी कोणाला घेतलेलं नाही. एका गाण्याच्या सुरुवातीला तिचे एकटीचे आठ ठोके आहेत. ते आम्ही मोकळे सोडतो, आमचा ड्रम्सवाला नुसता मोजतो. अनोळखी माणसाला हे सगळं लिहिण्याचं काही कारण नाही. पण नाव तिच्या खोलीचं आहे. तुम्ही ते वापरतही नाही. द्याल का?'

तिने डब्याचं झाकण लावलं. मग उघडलं. मग पुन्हा लावलं.

तो रविवार तिला पाठ होता, म्हणजे तिला वाटत होतं की पाठ आहे. वायरमनने गॅरेज बांधलं होतं, भिंतींना आवाज न जाणारे पुठ्ठे लावले होते, आणि पुढच्या आठवड्यापासून तिथेच बसायचं असं तिघांनी ठरवून टाकलं होतं. तिला येऊन सांगितलं. शेजाऱ्यांचा त्रास नको. तुलाही जरा मोकळं होईल, ब्रेक म्हणाला होता, आणि तो मनापासून म्हणत होता, पलंगावरच्या उशा रचून ठेवत. तिला मोकळं कुठे व्हायचं होतं! खोली मोकळीच असते आठवड्याचे सहा दिवस... पण असं काही ती बोलली नाही. बोलली ते एवढंच, की बरं झालं, माझंही आता पुरे झालं. म्हणजे त्यांनी म्हणावं, असं काय करतेस, वेडी आहेस का. दोनदा म्हणावं, तीनदा म्हणावं, आणि मग तिने हसून म्हणावं, बरं बाई, येते गॅरेजमध्ये. तिला आग्रह हवा होता. आयुष्यात एकदाच, आणि तोही जिने आग्रहावर बंदी घातली तिला. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

गायिकेने तोंड उघडलं होतं. आणि दाराकडे पाहिलं होतं. तोंड मिटलं होतं. हे सगळं तिला दिसत होतं, अकरा वर्षं दिसत होतं – ते दाराकडे पाहणं. निघायची घाई. जिना उतरायची, गॅरेजकडे जायची घाई. त्या एका नजरेवर तिने एवढं सगळं रचलं होतं. वाढदिवसाच्या फोनवर कोरडं बोलणं, 'कशी आहेस'ला 'मजेत', कीबोर्डवर चादर. दाराकडे पाहिलं होतं हे खरंच होतं. पण गायिका दाराकडे बघत नव्हती. वाचत होती.

दुपारभर तिने तो दात दोनदा बसवला आणि दोनदा काढला. साचे ओतणाऱ्या बाईंनी मान वर करून विचारलं, काय बिनसलंय आज, आणि ती म्हणाली, फट जमत नाहीये. बुजवायला हात लगेच चालतात, ठेवायला अवघड, बाई म्हणाल्या आणि पुन्हा प्लास्टर ढवळू लागल्या. तिसऱ्यांदा तिने फोटोत बघणं सोडून दिलं, डोळे अर्धे मिटून त्या माणसाचं हसणं नुसतं आठवलं आणि दात बसवला, आणि तो बसला. पाचला पाच कमी होते.

घरी चालत वीस मिनिटं लागायची. रस्त्याच्या कडेने दुकानांचे दिवे लागत होते. एका दुकानात एक माणूस शिडीवर चढून पाटी पुसत होता, आणि ती थांबून उगाचच वाचत राहिली, टायर आणि ट्यूब. ग्रुपमध्ये आता 'जुने मित्र' या नावावर एकमत होऊ घातलं होतं. ब्रेकने लिहिलं होतं, फारच रटाळ आहे पण मोकळं आहे. गायिकेने लिहिलं होतं, पावणेसहापर्यंत थांबू, मी त्या मालकाला लिहिलंय. ब्रेकने लिहिलं होतं, तो कशाला उत्तर देतोय. यावर वायरमनने कोणताच अंगठा पाठवला नव्हता.

खोलीत येऊन तिने दिवा लावला, पिशवी ठेवली, आणि अंगातला कोट काढून दारामागच्या खुंटीवर टांगायला गेली, आणि हात तसाच राहिला. खुंटीवर आधीच एक जुना कोट होता, त्याच्या खाली एक पिशवी, तिच्या खाली छत्री. एवढ्या सगळ्यांच्या मागे तो कागद होता. तिने एकेक वस्तू काढून पलंगावर टाकली. कागद पिवळा पडला होता, एक कोपरा उडाला होता, पण अक्षर तिचंच, तरुण, उभं, ठाम. काय तोरा होता बाईंचा! इथे दुसऱ्यांदा विचारत नाहीत. तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तिने पुसलं नाही, कारण बघायला कोणीच नव्हतं.

पावणेसहाला पाच मिनिटं असताना पुन्हा मेल आली.

'पुन्हा विचारते आहे,' गायिकेने लिहिलं होतं. 'आमच्यात दुसऱ्यांदा विचारत नाहीत. पण तुम्ही आमच्यातले नाही, म्हणून विचारता येतंय. नाव द्याल का?'

त्या मालकाचा तिला हेवा वाटला. अगदी खराखुरा. कोण कुठला माणूस, बँडसाठी एक सूर वाजवला नाही, नुसतं नाव दाबून बसलेला – आणि त्याला दोनदा विचारलं गेलं. त्याला सगळं सांगितलं गेलं, आठ ठोक्यांसकट. आणि मला? मला कोणी कधी... पण इथे तो विचार अडकला, कारण तिने स्वतःला विचारलं, की तू कधी कोणाला विचारलंस? दोनदा सोड, एकदा तरी? मी येऊ का, एवढं. अकरा वर्षं 'लवकरच' म्हणून पाटी लावून बसलीस, ती पण अशा ठिकाणी की जिथे कोणी येणारच नाही, आणि आलं तर मालकाचं नाव झाकलेलं.

निरोपाखाली उत्तर लिहायची चौकट होती. तिने लिहिलं, 'हो.' मग ते पुसलं. मालक म्हणून हो म्हणायचं आणि नाव देऊन टाकायचं, सोपं होतं, कोणालाही काही कळलं नसतं. पोस्टरवर चौथी खोली छापलं असतं, आणि ती तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवून, दिवे लागायच्या आत निघून आली असती... तिने ते सगळं पाहिलं, अगदी जिना चढण्यापर्यंत पाहिलं, आणि तिला ते नको होतं. इतकं स्पष्ट, की तिची तीच दचकली. गेल्या कित्येक वर्षांत तिला असं काही नको वाटलं नव्हतं.

फोन वाजला. गायिका. मागे गॅरेजातला आवाज, काठ्यांची टकटक, कोणीतरी वायर ओढतंय.

"काही सुचलं का गं?" गायिकेचा आवाज दमलेला होता. "त्या माणसाचं उत्तर नाही. मी 'जुने मित्र' कळवून टाकते आता."

"थांब जरा."

"सहा वाजतायत..."

"थांब," ती म्हणाली. तिचा तळवा दारावरच्या कागदावर होता, कधी टेकला ते तिला आठवेना. "सकाळी तू मला एक विचारलं होतंस. फोन ठेवताना."

"काय विचारलं होतं?"

"ते मला परत एकदा विचार."

पलीकडे काठ्यांची टकटक थांबली. की गायिकेने हाताने थांबवली, ते इथून कळत नव्हतं. गॅरेजच्या भिंतींना पुठ्ठे होते, त्यामुळे पलीकडची शांतता फार दाट होती, आणि तिला एकदम वाटलं की फोन ठेवावा, चेष्टा केली म्हणावं, नाव देऊन टाकावं, दिवा घालवावा. तिने यातलं काही केलं नाही. कागदावरच्या बोटांनी, आवाज न करता, ती मोजायला लागली – एक, दोन, तीन, चार. आठ झाले. पलीकडे अजून कोणी बोललं नव्हतं. तिने पुन्हा एकपासून मोजायला घेतलं.